छोट्या गाडीत हॅम रेडिओचा सेट

अल्टोसारख्या गाडीत डॅशबोर्डवर हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशवहनाचा) अख्खा सेट मावत नाही. मावला तरी गिअर टाकताना कोपर आपटतं. पॅनेल (बटणं आणि स्क्रीनचा पुढचा भाग) सुटं होणारा सेट घ्या.

१. पॅनेल तेवढं डॅशबोर्डवर. मूळ डबा शेजारच्या सीटखाली पट्टी-स्क्रूने आवळा. नुसतं वेल्क्रो पुण्याच्या स्पीडब्रेकरपुढे टिकत नाही. भोवती हवा खेळू द्या, बोलताना डबा चांगलाच तापतो.

२. वीज थेट बॅटरीतून, फ्यूज बॅटरीजवळच. ५० वॉटचा सेट १० अँपिअरच्या आसपास ओढतो, लायटरच्या सॉकेटवर भरवसा नको.

३. चुंबकी अँटेना छताच्या मधोमध.

सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या. त्यांना हात लावू नका.