आउटबोर्ड मोटर घेताय? आधी टेप काढा

आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, घ्यायची म्हटलं की सगळे हॉर्सपॉवरवर येतात. माझं म्हणणं, आधी ट्रान्सम मोजा, म्हणजे बोटीची मागची उभी फळी. जिथे मोटर अडकवणार तिथल्या वरच्या काठापासून सरळ खाली बुडापर्यंत. या मापावर मोटरचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा, किती लांब हवा ते ठरतं. माप 15 इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, 20 ला लाँग, 25 ला एक्स्ट्रा लाँग. मोटर बसल्यावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी चपटी पट्टी बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर वळणावर आणि लाटांत पंखा हवा ओढतो. इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे सरकत नाही. जास्त लांब झाला तर पाण्याचा अडथळा वाढतो, उथळ जागी पंखा तळाला लागतो.

हॉर्सपॉवरसाठी बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. तिच्यावरच्या कमाल आकड्यापलीकडे जाऊच नका, हा जिवाचा प्रश्न आहे. फार कमी घेतली तर भरल्या बोटीत इंजिन सतत फुल थ्रॉटलवर राबतं. आणि वजन बघाच: टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक या इंजिनाच्या दोन प्रकारांपैकी फोर-स्ट्रोक इंधन कमी पितं, पण सहसा जड असतं.