‘नगेट्स’ची जुनी एलपी: खरखर काढा, फझ राहू द्या

लेनी के याने निवडलेला आणि इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने १९७२ साली काढलेला ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संच. १९६५ ते १९६८ या काळातल्या अमेरिकन गॅरेज बँडांची (रांगडं रॉक वाजवणाऱ्या हौशी बँडांची) २७ गाणी त्यात आहेत. माझ्याकडे आहे ती सायर या दुसऱ्या कंपनीने १९७६ मध्ये पुन्हा काढलेली प्रत, मुंबईच्या चोर बाजारातून घेतलेली. त्या प्रतीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून साफ करताना मी जे करते ते इथे लिहिते आहे. असा कुठलाही जुना निवडक संग्रह तुमच्या घरी असेल, तर हीच रीत चालेल.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हा एका बँडचा अल्बम नाही. प्रत्येक गाणं वेगळ्या स्टुडिओतलं, वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या टेपवरून आलेलं. एखादं गाणं मुळातच कोंदट, तर पुढचं कर्कश. सगळ्यांना एकच फिल्टर लावून एकसारखं केलं की संग्रहाचा जीवच जातो. तबकडीने घातलेली भर काढायची, बँडने केलेला आवाज तसाच राहू द्यायचा, गिटारचा मुद्दाम फाटका केलेला ‘फझ’ आवाजही.

सुरुवात धुण्यापासून. आपल्या दमट हवेत खाचांमध्ये धूळ आणि बुरशी दोन्ही असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबरचं कापड, हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसायचं. मधलं लेबल कोरडंच ठेवा. वाळवायला तबकडी उभी ठेवा, पण पंख्याखाली नको, ओल्या खाचेवर धूळ लगेच बसते. लाकूड चिकटवायचा डिंक (वुड ग्लू) ओतून, वाळल्यावर तो सोलून काढायची एक युक्ती सांगितली जाते. एकुलत्या एका प्रतीवर ती करू नका.

सुईवर पैसे खर्च करा, सॉफ्टवेअरवर नंतर. आधीच्या मालकाने बोथट सुईने वाजवली असेल, तर खाचेची एक पट्टी झिजलेली असते. लंबगोल किंवा मायक्रोलाइन सुई त्याच खाचेत थोड्या वेगळ्या जागी टेकते, आणि तिथे भिंत बऱ्याचदा शाबूत सापडते. सुईवरचं वजन कंपनीने सांगितलेलं द्या, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ या कार्ट्रिजला २ ग्रॅम. हलकी सुई तबकडी वाचवते हा गैरसमज आहे. ती खाचेत उडते आणि जास्त नुकसान करते. अलाइनमेंटही (सुई खाचेच्या रेषेत बसवणं) नीट करा, कारण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, तर लेबलजवळ जेमतेम २१. बाजूच्या शेवटच्या गाण्यातला फाटका आवाज त्यामुळेच येतो आणि मागाहून कुठल्याही इक्वलायझरने तो शिवता येत नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा, आणि पूर्ण बाजू न थांबता घ्या. वीस मिनिटांची फाइल साधारण ६९० एमबीची होते. ती मूळ फाइल कधीही बदलायची नाही, काम तिच्या प्रतीवर करायचं.

आता घुंईचा आवाज. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडा, साइझ ६५५३६ ठेवा. ५०, १००, १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर ती आपल्या घरातली वीज आहे. अर्थिंगची वायर तपासा, अडॅप्टर टर्नटेबलपासून दूर न्या आणि पुन्हा रेकॉर्ड करा. पण ६० आणि १२० वर सुळका असेल तर तो अमेरिकेतला आहे, बहुतेक साठच्या दशकातल्या एखाद्या अँप्लिफायरचा किंवा तिथल्या स्टुडिओचा. त्याला मी हात लावत नाही. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या खोलीचा एवढा अंश तबकडीत शिल्लक आहे.

सर्वांत जास्त वेळ टकटक काढण्यात जातो, आणि जावा. पहिलंच गाणं घ्या, इलेक्ट्रिक प्रून्सचं ‘आय हॅड टू मच टू ड्रीम लास्ट नाइट’. त्याची सुरुवात उलट्या फिरवलेल्या टेपवरच्या थरथरत्या फझ गिटारने होते. थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सच्या ‘यू आर गोना मिस मी’मध्ये टॉमी हॉल जग नावाचं वाद्य वाजवतो, त्याची गुडगुड गाणंभर चालते. ऑडॅसिटीतलं टकटक आपोआप काढणारं क्लिक रिमूव्हल पूर्ण गाण्यावर चालवलंत तर फझच्या धारदार टोकांनाही ते टकटकच समजतं. गिटार मऊ पडते आणि का पडली ते कळतही नाही.

यातली पुष्कळ गाणी मोनो आहेत, त्याचा फायदा घ्या. मोनो गाण्यात संगीत डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सारखंच असतं, ओरखडा मात्र सहसा खाचेच्या एका भिंतीवर जास्त असतो. गाण्याची प्रत काढा, एक चॅनल इन्व्हर्ट (उलटा) करा, दोन्ही मिसळा. गायक आणि फझ जवळजवळ नाहीसे होतात आणि उरते ती टकटक, उघडी पडलेली. (गायक नाहीसा झाला नाही तर गाणं स्टिरिओ आहे, ही युक्ती तिथे सोडा.) प्रत्येक टकटकीवर ऑडॅसिटीतलं खुणेचं लेबल लावा, मूळ गाण्यात तिथे झूम करा आणि रिपेअर हा इफेक्ट वापरा. तो एका वेळी १२८ सँपलपर्यंत (सँपल म्हणजे डिजिटल आवाजाचा एक बिंदू) चालतो, ९६ किलोहर्ट्झला म्हणजे सव्वा मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त. बहुतेक टकटकींना तेवढं पुरतं.

मग दोन्ही चॅनल एक करा. त्यांच्यात काही सँपलांचा फरक असेल तर आधी तो जुळवून घ्या, नाहीतर वरचे सूर मंद होतात. फरक नसेल तर खाचेची खरखर सुमारे ३ डेसिबलने आपोआप उतरते. एक भिंत फारच खराब असेल तर मी चांगलीच बाजू ठेवते, दुसरी टाकून देते.

उरलेल्या खरखरीसाठी नॉइज रिडक्शन, पण जपून. नमुना दोन गाण्यांच्या मधल्या शांत जागेतून घ्या. गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी टेपची सळसळ चढते, तो तुकडा नमुन्यात येऊ देऊ नका, नाहीतर टेपही पुसली जाईल. ६ डेसिबल पुरे. मग त्याच खिडकीत रेसिड्यू (काढलेला भाग) निवडून, काय काढलं जातंय तेवढंच ऐका. त्यात झांजेची किणकिण किंवा गायकाचा ‘स’ ऐकू आला तर आकडा खाली आणा. मला तो आकडा ४ वर ठेवायला कधीच संकोच वाटत नाही.

आवाजाची पातळी गाणंनिहाय वाढवू नका. प्रत्येक गाणं नॉर्मलाइझ केलं (कमाल पातळी एकसारखी केली) की संकलकाने जुळवलेला चढउतार सपाट होतो. पूर्ण बाजूला एकच वाढ द्या, मधली अंतरं आहेत तेवढीच ठेवा. फाइली फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी करणारा फॉरमॅट) साठवा, आणि सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये कुठल्या गाण्यावर काय केलं, कुठली सुई होती, कुठलं गाणं मोनो केलं हे लिहून ठेवा. पुढे चांगली सुई मिळाली तर नेमकी कुठली बाजू पुन्हा घ्यायची ते त्यावरून लगेच समजतं.