माउंटन बाइक शर्यतीचा मार्ग पायी कसा वाचावा

26 जुलै 2021 रोजी जपानमधील इझू येथे टोकियो ऑलिम्पिकची पुरुषांची माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री (खडबडीत वाटेवरच्या अनेक फेऱ्यांची) शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल एका मोठ्या खडकावरून उतरताना जोरात कोसळला. सरावाच्या वेळी त्या खडकापुढे लाकडी फळीचा उतार लावलेला होता आणि शर्यतीत तो काढलेला होता. तो काढला जाणार असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. सुवर्णपदकाच्या प्रमुख दावेदारांपैकी एकाची शर्यत एका फळीपायी संपली. व्यावसायिक स्वार शर्यतीआधीचे दिवस मार्ग पाहण्यात का घालवतात, हे यावरून ध्यानात यावे.

क्रॉस-कंट्रीची एक फेरी साधारण 4 ते 6 किलोमीटरची असते आणि जागतिक दर्जाची शर्यत दीड तासाच्या आसपास चालते. तोच खडक, तेच मूळ आणि तेच वळण सहा-सात वेळा समोर येते, आणि दर वेळी स्वार आधीपेक्षा अधिक थकलेला असतो. म्हणून सायकलवर बसण्यापूर्वी संपूर्ण फेरी एकदा शर्यतीच्या दिशेने पायी चालावी. या पहिल्या चालीत काहीही ठरवू नये. चढण कुठे सुरू होते, वाट कुठे अरुंद होते आणि पुढच्याला मागे टाकण्याजोगी रुंदी कुठे आहे, एवढेच पाहावे.

दुसरी चाल उलट्या दिशेने करावी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला मिळते ते इथेच. खडकाळ उताराच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, की उतार संपल्यावर चाक नेमके कुठे पडायला हवे ते दिसते. तिथून एकेक दगड मागे जात वरच्या टोकापर्यंत पोहोचले, की उतारात शिरताना सायकल कोणत्या बाजूला असायला हवी हे आपोआप उलगडते. वरून पाहताना नजर सर्वांत भीतीदायक दगडावर खिळते आणि सायकलही नजरेमागोमाग त्याच दगडाकडे जाते. त्यामुळे प्रत्येक अवघड जागी प्रवेशाची एक खूण निश्चित करावी: साल निघालेले झाड, पांढरट दगड किंवा जमिनीबाहेर आलेले मूळ. खूण हलणारी नसावी, आणि दोरी किंवा फलक तर नसावाच, कारण आयोजक ते शर्यतीपूर्वी हलवू शकतात. फळी, माती भरलेला खड्डा, तात्पुरता उतार अशी माणसाने केलेली कोणतीही सोय दिसली, तर ती शर्यतीतही राहणार आहे का, हे अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारून घ्यावे.

अनेक मार्गांवर अवघड जागी दोन वाटा असतात, जवळची पण कठीण आणि वळसा घालणारी पण सोपी. कोणती घ्यावी हे अंदाजाने ठरवू नये. सरावात दोन्ही वाटा घड्याळ लावून किमान तीन-तीन वेळा पार कराव्यात, आणि त्यांतली एक वेळ तरी जोरदार चढण संपवून, धाप लागलेली असताना असावी. कठीण वाटेने दोन सेकंद वाचत असतील, पण दमल्यावर पाय टेकावा लागत असेल, तर शेवटच्या फेऱ्यांत सोपी वाटच वेगवान ठरते. तरीही दोन्ही वाटा अंगवळणी पडलेल्या असाव्यात, कारण पहिल्या फेरीतील गर्दीत आपल्या पसंतीच्या वाटेवर कोणीतरी पडलेला असण्याची शक्यता मोठी असते.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एलांकूर टेकडीवर ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक पंक्चर झाले आणि तो बराच मागे पडला. पाठलाग करून त्याने पुढच्यांना गाठले, आणि अखेरच्या फेरीत एका झाडाच्या दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या वाटांपैकी फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीने एक धरली असता दुसरीने आत घुसून त्याने आघाडी घेतली. अंतिम फरक 9 सेकंदांचा होता. तशा वेगात दुसरी वाट पाहत बसायला अवधी नसतो. ती आधीच डोक्यात असावी लागते.

त्याच शर्यतीतून आणखी एक गोष्ट घ्यावी. क्रॉस-कंट्रीत सायकल बदलता येत नाही, मात्र चाक ठरवून दिलेल्या दुरुस्ती क्षेत्रात बदलता येते. म्हणून चालताना पंक्चर होण्याजोग्या तीक्ष्ण दगडांच्या जागा हेराव्यात आणि तिथून ते क्षेत्र किती दूर आहे हे पावलांनी मोजावे. अंतर जास्त असल्यास टायरमध्ये थोडी अधिक हवा ठेवणे शहाणपणाचे. साधारण 65 किलो वजनाच्या स्वाराने रुंद ट्यूबलेस टायरसाठी 20 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास सुरुवात करावी आणि दर सराव फेरीनंतर एकेका पीएसआयने बदल करून पाहावा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला, तर दाब वाढवावा.

सह्याद्रीत सराव करणाऱ्यांना जमिनीचे बदलते गुण वेगळे शिकवावे लागत नाहीत. टणक जमिनीवर सुटा मुरूम पसरला की पुढचे चाक वळणात निसटते, आणि शेवाळलेला काळा पाषाण पावसात पकड देतच नाही, हे त्यांनी अनुभवलेले असते. पाऊस पडल्यास प्रत्येक वाट नव्याने तपासावी, विशेषतः तिरकी मुळे, जी शक्यतो काटकोनात आणि ब्रेक न दाबता ओलांडावीत.

शर्यतीच्या आदल्या रात्री डोळे मिटून पूर्ण फेरी मनात चालवावी. जिथे चित्र धूसर होते ती जागा कागदावर लिहून ठेवावी आणि सकाळी फक्त तेवढ्याच जागा पुन्हा पायी पाहाव्यात. आपल्या आधी दुसऱ्या गटाची शर्यत झालेली असेल, तर वळणांत खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि काही सैल दगड जागचे हललेले असतात. त्यामुळे ही शेवटची पाहणी ती शर्यत संपल्यानंतरच करावी आणि अंग तापवायला सुरुवात करण्यापूर्वी उरकावी.