न होणाऱ्या फीचरला ‘बघू’ म्हणू नका

नाशिकमध्ये आम्ही दोघं मित्र द्राक्ष बागायतदारांसाठी एक छोटं ओपन सोर्स ॲप (ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो) सांभाळतो. कोणती फवारणी कधी झाली आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर काढणीआधी सोडायचे दिवस) संपायला किती दिवस उरले, एवढीच त्यात नोंद होते. मागण्या मात्र कशाच्याही येतात: पुढच्या महिन्याचा भाव सांगा, मजुरांची हजेरी घ्या, फोटोवरून रोग ओळखा.

सुरुवातीला मी अशा एका मागणीखाली ‘छान कल्पना आहे, बघू’ असं लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत ती तशीच पडून राहिली. निफाडच्या त्या बागायतदारानं मधे दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं आणि ॲपही वापरणं सोडलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. जे होण्यासारखं नाही ते कसं हाताळायचं, हे त्यानंतर आम्ही ठरवून घेतलं.

आधी मागणी सगळ्यांना दिसेल अशा जागी आणा. आमच्याकडे बहुतेक मागण्या व्हॉट्सॲपवर येतात. त्या आम्ही विचारून, नाव-नंबर काढून, पण त्यांच्याच शब्दांत गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, इश्यू (सगळ्यांना दिसणारी नोंद) म्हणून टाकतो. उत्तर एकाला खासगीत दिलं, की तोच प्रश्न दिंडोरीहून पुन्हा येतो आणि उत्तर पुन्हा लिहावं लागतं.

मग गरज शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘हे फीचर कशाला हवं?’ असं विचारलं तर समोरचा बचाव करायला लागतो. त्याऐवजी ‘याची गरज शेवटची कधी पडली?’ असं विचारा. रोग ओळखण्याच्या मागणीवर उत्तर आलं: ‘संध्याकाळी पानाच्या खालून पांढरं दिसलं. डाऊनी का भुरी, कळेना. सल्लागारांना फोनवर सांगून समजत नव्हतं, आणि सकाळी ब्लोअर लावायचा होता.’ (डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग; ब्लोअर हे फवारणीचं यंत्र.) म्हणजे फोटो आणि आधीच्या फवारण्या एकत्र सल्लागारापर्यंत पोचायला हव्या होत्या. ते आमच्या आवाक्यातलं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे सांभाळण्याचा खर्च धरा. कुणी तयार कोड पाठवला तरी पुढची वर्षानुवर्षं तो तपासणं आणि बिघडला तर दुरुस्त करणं मेंटेनरच्याच, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्याच, गळ्यात असतं. शिवाय आमच्या ॲपनं रोग चुकीचा ओळखला तर औषध चुकतं. नको ते औषध काढणीच्या तोंडावर पडलं आणि अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तर निर्यातीचा माल बाद होतो.

मोठे प्रकल्प मतांचाही आधार घेतात. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये विचारात घेतलेल्या मागणीला ६० दिवसांत २० मतं मिळाली नाहीत, तर ती बंद होते. छोट्या प्रकल्पानं हे उचलू नये, असं माझं मत आहे. आमच्या बागायतदारांची गिटहबवर खातीच नाहीत, मग मतं देणार कोण?

आता उत्तर. नकार पहिल्याच दोन वाक्यांत यावा, मग खरं कारण, मग काय करता येईल ते, आणि शेवटी निर्णय कशानं बदलेल ते. आम्ही असं लिहिलं:

‘दादा, सूचनेबद्दल आभार. फोटोवरून रोग ओळखण्याची सोय या ॲपमध्ये करणार नाही. ओळख चुकली तर नुकसान तुमचं होईल, आणि ती तपासून घेण्याइतकं ज्ञान आमच्या दोघांकडे नाही. नोंदीला फोटो जोडून ती सल्लागारांना पाठवता येईल, एवढं मात्र करायला घेतलं आहे. तज्ज्ञांनी तपासलेलं, खुल्या परवान्याचं मॉडेल मिळालं आणि ते सांभाळणारं कुणी पुढे आलं, तर हा विषय पुन्हा उघडू.’

‘सध्या वेळ नाही’ हे कारण खरं असेल तरच द्या. वेळ असूनही करणार नसाल, तर तसंच सांगा. नाहीतर एखादा तरुण चार रविवार घालवून पुल रिक्वेस्ट (आपला कोड सामावून घेण्याची विनंती) घेऊन येतो आणि तेव्हा त्याला नाही म्हणावं लागतं.

उत्तर दिल्यावर इश्यू बंद करा. गिटहबवर बंद करताना ‘नॉट प्लॅन्ड’ हा पर्याय मिळतो, तो निवडा. तिथलं तयार ‘वोन्टफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) लेबल आम्हाला तुटक वाटलं, म्हणून नाव बदलून ‘करणार नाही, कारण आत’ असं केलं. रीडमीमध्येही (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) ‘हे ॲप काय करत नाही’ असा छोटा भाग ठेवला. कुणाला तरीही ते हवंच असेल तर फोर्क करायला, म्हणजे कोडची स्वतःची प्रत घेऊन बदलायला, मनापासून सांगा आणि कोडमध्ये कुठून सुरुवात करायची तेही दाखवा.

नकाराची नोंद मात्र जपून ठेवा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘स्विच’ (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) आणण्याचा प्रस्ताव खुद्द तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २००६ मध्ये लिहिला, पेप (पायथॉनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव) ३१०३. २००७ च्या पायकॉन या पायथॉनच्या परिषदेत त्यांनी श्रोत्यांचा कौल घेतला, पाठिंबा दिसला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच तो फेटाळला. तो प्रस्ताव कारणासकट आजही वाचायला मिळतो. पुढे २०२१ मध्ये पायथॉन ३.१० मध्ये ‘मॅच’ आलं, त्याच गरजेच्या जवळचं पण बरंच वेगळं.

म्हणून बंद केलेल्या इश्यूवरची चर्चा आम्ही लॉक करत नाही. फोटो जोडण्याची सोय तयार झाली, तेव्हा तिची लिंक त्याच जुन्या इश्यूखाली टाकली आणि मागणी करणाऱ्या दादांना व्हॉट्सॲपवर कळवलं.