जड कॅमेरा पाठीवर घेऊन चालायचं असेल तर बॅग कशी निवडावी

कॅमेऱ्याची बॅग घ्यायला गेलं की बहुतेक जण आधी ती उघडून आत बघतात. किती लेन्स मावतील, कप्पे हलवता येतात का, लॅपटॉपला जागा आहे का. ते बघायला हवंच. पण पक्ष्यांच्या मागे दिवसभर हिंडताना किंवा पहाटेच्या उजेडासाठी अंधारात डोंगर चढताना खांदे भरून येतात, मान आखडते, ती बॅगेच्या पाठीला टेकणाऱ्या बाजूमुळे. बऱ्याचशा कॅमेरा बॅगा कॅमेऱ्याची काळजी उत्तम घेतात आणि पाठीच्या बाबतीत हात आखडता घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून इथे निवडीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी वजन, मग पाठ, मग पट्टे आणि कप्पे सर्वांत शेवटी.

१. आधी सगळं सामान तोला

अंदाज बांधू नका, काट्यावर ठेवा. वन्यजीव फोटोग्राफीचा एक नेहमीचा संच घेऊ. निकॉन झेड ९ ही बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासह १,३४० ग्रॅम भरते. १८०-६०० मिमी झूम लेन्स ट्रायपॉड कॉलरसह (लेन्स ट्रायपॉडला जोडायचं कडं) साधारण २,१४० ग्रॅम. सोबत २४-१२० मिमीची लेन्स, ६३० ग्रॅम. झाले चार किलोंच्या वर. हेडसकट ट्रायपॉडचे दोन किलो धरा, दोन लिटर पाण्याचे दोन किलो, जॅकेट, खाणं, टॉर्च, जादा बॅटऱ्या मिळून एक किलो. नऊ किलो झाले आणि रिकाम्या बॅगेचं वजन अजून मोजलेलंच नाही. गादी आणि डिव्हायडर (आत कप्पे पाडणारे पडदे) असल्यामुळे मोठी कॅमेरा बॅग रिकामीच दोन ते तीन किलो भरते. म्हणजे पाठीवर अकरा-बारा किलो.

गिर्यारोहकांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: दिवसभराच्या चालीसाठी पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास आणि मुक्कामी मोहिमेसाठी फार तर २० टक्के. साठ किलोच्या माणसाला हे सहा आणि बारा किलो होतात. वरचा संच एका दिवसाच्या भटकंतीतच मुक्कामी मोहिमेच्या हद्दीत पोहोचला आहे. त्यामुळे काट्यावरचा आकडा पाहिल्यावर एखादी लेन्स घरी ठेवावीशी वाटली तर ठेवा. कोणतीही बॅग ते काम तुमच्यासाठी करणार नाही.

आकड्यावरून बॅगेचा प्रकारही ठरतो. तीन किलोंपर्यंत एका खांद्यावरची स्लिंग बॅग चालून जाते, तीही थोड्या वेळासाठी. तिथून पुढे दोन्ही खांद्यांवरची सॅकच हवी. सामान सहा-सात किलोंच्या पुढे गेलं की आत फ्रेम आणि खरा कमरपट्टा असलेली सॅक सोडून दुसरा विचार करू नका.

२. पाठीची लांबी मोजा

ही पायरी बहुतेक लोक वगळतात. यासाठी शिंप्याकडे असते तशी मऊ टेप आणि मदतीला दुसरं माणूस लागतं. मान पुढे वाकवा. मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळकपणे वर येतं, तो मानेचा सातवा मणका. तिथून माप सुरू करायचं. आता दोन्ही हात कमरेच्या बाजूंना असे ठेवा की पंजे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे मणक्याकडे वळतील. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनात काढा. त्या मणक्यापासून या रेघेपर्यंत, पाठीच्या वळणाला धरून टेप सोडली की जे माप येतं ती तुमच्या पाठीची लांबी. बहुतेक प्रौढांची ती साधारण ४० ते ५५ सेंमीच्या दरम्यान असते.

उंचीवरून हा अंदाज करू नका. एकाच उंचीच्या दोघांपैकी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ. ट्रेकिंगच्या सॅक निदान दोन-तीन मापांत मिळतात किंवा त्यांचे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. कॅमेरा बॅगा मात्र बहुतांशी एकाच मापात येतात. पाठ ५२ सेंमीची आणि बॅग ४४ ची असेल तर कमरपट्टा पोटावर येऊन बसतो आणि सगळं ओझं खांद्यांवर लटकतं. कितीही महाग फोम असला तरी यावर उपाय नाही. शिमोडासारख्या काही कंपन्या पट्ट्यांची उंची बदलता येणाऱ्या कॅमेरा बॅगा बनवतात आणि स्त्रियांच्या अंगलटीला मानवणारे वेगळे पट्टेही देतात. ठेंगण्या किंवा फार उंच माणसाने आणि अरुंद खांद्यांच्या स्त्रियांनी अशा बॅगांपासूनच शोध सुरू करावा.

३. कॅमेरा बॅग, की सॅकमध्ये इन्सर्ट?

खास कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या बॅगेत सामान झटकन हाताशी येतं. गाडीतून उतरून अर्ध्या तासात ठरलेल्या जागी पोहोचायचं असेल, तर तीच घ्या.

लांब चालायचं असेल तर माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे: चांगली ट्रेकिंग सॅक घ्यायची आणि तिच्यात गादीचा वेगळा कॅमेरा-इन्सर्ट, म्हणजे कॅमेरा-लेन्ससाठी कप्पे असलेला सुटा डबा, ठेवायचा. ट्रेकिंग सॅक बनवणाऱ्यांचा सगळा जोर ओझं अंगावर कसं बसतं यावर असतो. शिवाय जॅकेट, पाणी, खाणं यांना जागा राहते. कॅमेरा बॅगेत ही जागा गादी खाऊन टाकते. एफ-स्टॉपसारखे उत्पादक सॅक आणि इन्सर्ट याच पद्धतीने वेगवेगळे विकतात. सामानानुसार लहान किंवा मोठा इन्सर्ट आत घालता येतो.

या पद्धतीत एक अडचण आहे. वरून उघडणाऱ्या सॅकच्या तळाशी इन्सर्ट गेला तर कॅमेरा काढण्यासाठी सगळं बाहेर ओतावं लागतं. म्हणून समोरून किंवा मागून पूर्ण उघडणारी सॅक बघा. इन्सर्टची मापं आणि सॅकची आतली मापं सेंटिमीटरमध्ये ताडून बघा. लिटरमधला आकडा इथे उपयोगी नाही, कारण ३५ लिटरची सॅक निमुळती असेल तर चौकोनी इन्सर्ट तिच्यात अडकून बसतो.

४. कमरपट्टा बघा, मग खांद्याचे पट्टे

कमरपट्ट्याचं काम बॅगेचं बहुतेक वजन खांद्यांवरून काढून कमरेच्या हाडांवर टाकणं हे आहे. ती हाडं पायांशी थेट जोडलेली आहेत आणि पायांचे स्नायू भक्कम असतात. खांदे आणि मान यांना एवढा भार तासन्‌तास पेलवत नाही. खांद्याचा पट्टा सतत दाबत राहिला तर हाताकडे जाणाऱ्या नसा चेपतात, बोटांना मुंग्या येतात, हात बधिर होतो. फार जड ओझं फार वेळ वाहणाऱ्या सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये यातून हाताची ताकद तात्पुरती गेल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा मुंग्या आल्या तर ‘थोडं सोसू’ म्हणून पुढे जाऊ नका.

कित्येक कॅमेरा बॅगांना कमरेला फक्त एक चपटी नायलॉनची पट्टी असते. ती बॅग हलू देत नाही एवढंच, भार घेत नाही. खरा कमरपट्टा रुंद असतो, त्याला घट्ट फोम असतो आणि तो कमरेच्या हाडांना दोन्ही बाजूंनी वेढून पुढे येतो. बक्कल लावल्यावर गादीच्या दोन टोकांमध्ये पुढे थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. टोकं एकमेकांना भिडली तर पट्टा मोठा आहे आणि पुढे आणखी आवळता येणार नाही.

फोम अंगठ्याने दाबून बघा. दुकानात सर्वांत सुखद वाटतो तो लुसलुशीत फोम दहा किलोंखाली चपटा होतो आणि मग पट्ट्याची कड अंगात रुतते. दाबल्यावर थोडा विरोध करणारा फोम निवडा.

पट्टा कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत वजन पोहोचवायला फ्रेम लागते. बॅगेच्या पाठीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तारेची चौकट किंवा कडक प्लॅस्टिकचा पत्रा असतो. बॅगेचा वरचा आणि खालचा भाग धरून ती दुमडायचा प्रयत्न करा. सहज दुमडली तर वजन खाली उतरणार नाही, बॅग मधेच वाकेल.

खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. आवळले की बॅगेचा माथा पाठीकडे खेचला जातो आणि मागे ओढल्यासारखं वाटणं थांबतं. आडवे किंवा खाली उतरत असतील तर बॅग तुमच्या पाठीला आखूड आहे. छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा असावा.

पाठीच्या जाळीबद्दल एक गोष्ट. ताणलेली जाळी बॅगेला पाठीपासून दूर ठेवते, घाम कमी येतो. पण त्यामुळे वजनही पाठीपासून दूर जातं. जड लेन्ससाठी पाठीला चिकटून बसणारी, हवेसाठी चर असलेली फोमची पाठ मला जास्त पटते.

५. बॅग उघडते कुठून, हे घराबाहेर कसं वापरणार त्यावरून ठरवा

समोरून उघडणारी बॅग जमिनीवर ठेवली की पाठीची बाजू चिखलात टेकते आणि तोच चिखल नंतर शर्टाला लागतो. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग बाहेरच्या अंगावर पडते, पट्टे कोरडे राहतात. गर्दीत चोराला मागून चेन उघडताही येत नाही. कमरपट्टा न सोडता बॅग फिरवून पोटावर आणता आली तर ती जमिनीवर न ठेवताच लेन्स बदलता येते. पाण्यात किंवा दलदलीत उभं असताना हे फार कामाचं आहे. बाजूची चेन झटपट कॅमेरा काढायला बरी, पण त्यासाठी बॉडी आडवी ठेवावी लागते आणि मोठी लेन्स लावलेली असेल तर ती त्या दारातून निघत नाही. तुमच्या सर्वांत मोठ्या लेन्ससह बॉडी जोडलेलीच आत जाते का, हे प्रत्यक्ष घालून बघा. वन्यजीवांसाठी ही अट मी सोडणार नाही.

६. बाकीच्या गोष्टी

पावसासाठी रेनकव्हर हवंच. कापडावर पाणी न शोषणारा लेप असला तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतं. कापडाच्या जाडीसाठी डेनिअर हे माप असतं, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१० डेनिअर हलकं, ५०० च्या आसपासचं काटेरी झुडपांतही टिकणारं, १,००० चं दणकट पण जड.

ट्रायपॉड बाजूला बांधायची सोय असेल तर दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली ठेवून तोल साधा. बॅगेच्या मागे मधोमध बांधलेला ट्रायपॉड डाव्या-उजव्या बाजूंचा तोल राखतो, पण मागे खेचतो. विमानाने जायचं असेल तर केबिन बॅगेची मापं आणि वजन आधी बघा, अनेक कंपन्यांची मर्यादा ७ किलो असते. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात.

७. वजन घालून अर्धा तास चाला

रिकामी बॅग पाठीवर टाकून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. स्वतःचं सामान न्या. ते शक्य नसेल तर पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो. सर्वांत जड लेन्स पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या थोडं खाली येईल अशी ठेवा, हलकं सामान बाहेरच्या अंगाला.

मग सगळे पट्टे पूर्ण सैल करा आणि या क्रमाने आवळा. पहिल्यांदा कमरपट्टा: गादीचा मध्य बरोबर कमरेच्या हाडांच्या कडेवर येऊ द्या आणि घट्ट करा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, बॅग पाठीला टेकेल एवढेच. मग लोड लिफ्टर. शेवटी छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील इतपत. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घाला. ती सहज सरकली तर भार कमरेवर गेला आहे.

निदान अर्धा तास चाला, जिने चढा-उतरा, बुटाची नाडी बांधायला वाका, एका पायावर उभे राहा. वाकल्यावर बॅगेचा माथा डोक्यावर आपटत असेल किंवा मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे बघता येत नसेल तर पक्ष्यांसाठी ती बॅग निरुपयोगी आहे. ऑनलाइन मागवली असेल तर लेबलं न काढता ही चाचणी घरातच करा आणि परत करण्याची मुदत आधी वाचून ठेवा.

बॅग उतरवल्यावर अंगावरच्या खुणा बघा. कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंना सारखी, हलकी लाली असेल तर बसणं बरोबर आहे. लाली खांद्यांच्या माथ्यावर असेल तर कमरपट्टा पुन्हा लावून, खांद्याचे पट्टे सैल करून आणखी एकदा चाला. तरीही तिथेच आली तर बॅगेची लांबी तुमच्या पाठीची नाही. काखेत घासलं असेल तर पट्टे फार रुंद किंवा फार सरळ आहेत, वळणदार पट्ट्यांची बॅग घालून बघा. एकाच बाजूला दुखत असेल तर बॅगेला दोष देण्याआधी सामान डावी-उजवीकडे सारखं विभागून पुन्हा चाला. आणि बोटांना मुंग्या आल्या असतील तर ती बॅग, कप्पे कितीही आवडले असले तरी, परत करा.