गोधडी शिवायचीय? आधी वीतभर फडकं शिवा

गोधडी शिकायला माझ्याकडे कुणी आलं, की सुरुवातीला मी तिच्यापुढे गोधडी अंथरतच नाही. सहा-सात फुटांचं कापड पसरून बसलं की पहिल्या चार ओळी हौसेनं होतात, मग ते गुंडाळून माळ्यावर जातं आणि तिथंच राहतं. वीतभर फडकं मात्र एका दुपारी पुरं होतं. दुसऱ्या दिवशी चहाचं पातेलं उतरवायला हाताशी येतं, आणि आपण शिवलेलं घरात वापरात आलं की पुढचं शिवायला हात आपोआप शिवशिवतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: पातेलं धरायचं फडकं, मग बसकर, मग बाळाचं दुपटं. गोधडी त्यानंतर.

कापड विकत आणू नका. घरातली सुती साडी, धोतर, पंचा, उशीचे अभ्रे काढा. वर्षानुवर्षं धुतलेलं कापड मऊ असतं, सुई त्यातून न अडता जाते, आणि आटायचं तेवढं ते आटून गेलेलं असतं. कोरं सुती कापड घालायचं असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात कोरा तुकडा आटतो, शेजारचा जुना तसाच राहतो आणि मध्ये चुण्या पडतात. जुनं कापड दोन्ही हातांनी ताणून बघा. टर्रकन फाटलं तर ते बाहेरून लावू नका, आतल्या थराला चालेल.

रंग हवे असतील तर ओळखीच्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे कातरण मागा. टू बाय टूच्या तुकड्यांत जेवढ्या छटा मिळतात तेवढ्या दुकानात मांडून ठेवलेल्या दिसणार नाहीत. पण त्या ढिगात टेरिकॉट आणि नायलॉनही मिसळलेलं असतं, आणि गरम भांड्याला ते मुळीच चालत नाही. ओळखायचं कसं? चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. लाल, गडद निळे आणि खणाचे तुकडे ओले करून पांढऱ्या रुमालात दाबूनही बघा. रुमालावर रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते वेगळे धुवा.

हत्यारं फार लागत नाहीत. फक्त कापडासाठी ठेवलेली कात्री (तिनं कागद कापला की धार गेलीच), फूटपट्टी, टाचण्या, मेणबत्तीचा तुकडा, अंगुस्तान (बोटाला घालायची टोपी) आणि सुया. सुईच्या पाकिटावरचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. जाड थरांना बारीक सुई घेतली तर ती वाकते, फार जाड घेतली तर कापडात भोकं दिसतात. दोरा सुतीच घ्या, थोडा जाडसर. तो हातभरच तोडा, म्हणजे दीड फूट. लांब दोरा घेतला की सारखं ओवावं लागत नाही असं वाटतं, पण तो पिळतो, गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. ओवल्यावर मेणावरून एकदा ओढून घ्या.

आता फडकं. बाहेरून नऊ इंचांचे दोन चौकोन आणि आत जुन्या टॉवेलचे आठ इंचांचे दोन. खालचा चौकोन उलटा पसरा, त्यावर मधोमध टॉवेलचे थर ठेवा आणि चारही बाजूंनी कापडाची अर्धा इंच कड टॉवेलवर दुमडा. वरच्या चौकोनाची कडही अर्धा इंच आत दुमडून तो बरोबर वर बसवा. टाचण्या लावा आणि मग कच्चे टाके घाला. हे कच्चे टाके कुणाला घालायचे नसतात, सगळ्यांना थेट खऱ्या शिलाईला लागायचं असतं. पण थर सरकू नयेत म्हणून हेच काम करतात. ते मधून बाहेर घाला, आधी अधिकाचं चिन्ह, मग दोन तिरक्या ओळी. म्हणजे कापडाचं सैलपण कडेला निघून जातं.

यानंतर धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत घातलेली साधी सरळ शिलाई. सुरुवातीची गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. पहिली ओळ अगदी कडेनं चारही बाजूंनी घाला, दुसरी तिच्यापासून बोटभर आत, तिसरी आणखी आत, असं चौकोनातला चौकोन करत मध्यावर या. जाड थरांत एका वेळी दोनच टाके सुईवर घ्या. टाका पाव इंचाचा, शिंप्याच्या हिशेबात दोन सुतांचा. वर जेवढा दिसतो तेवढाच खाली दिसायला हवा, म्हणून दर ओळीनंतर फडकं उलटून बघा. नव्या माणसाचे खालचे टाके तांदळाच्या कणीएवढे येतात, कारण सुई तिरकी जाते. ती उभी खुपसा, खाली बोटाला टोक लागलं की मगच वर काढा. अंगुस्तान लागतं ते इथंच.

टाका बारीक असण्याची घाई करू नका, सारखा येऊ द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोरा ओढू नका. दोरा कापडावर टेकला की थांबायचं. ओढला की ओळ आखडते, आणि सगळ्या ओळी थोड्या थोड्या आखडल्या की चौकोनाचे कोपरे वर उचलतात. माझी आत्या वाकळ शिवताना प्रत्येक ओळ संपली की दोन्ही तळवे त्यावरून फिरवायची आणि कापड हलकेच ताणायची. मी सगळ्यांना हेच करायला लावते. ताणल्यावर दोरा करकरला तर ओळ उसवा. छोट्या फडक्यावर उसवायला काही वाटत नाही, गोधडीवर जिवावर येतं.

कोपऱ्यावर टाका बरोबर टोकालाच संपवा आणि मगच वळा. हे फडकं गरम भांड्याला नेहमी कोरडं वापरा, ओल्या कापडातून चटका लगेच लागतो.

बसकराला जोडकाम शिकायला मिळतं. चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा पाच इंचांचा चौकोन कापा आणि त्यावरून सोळा तुकडे आखा, आठ गडद, आठ फिके. प्रत्येक बाजूला दोन सूत शिलाईत जातात, म्हणून चार-चारच्या ओळी जोडल्यावर साडेअठरा इंच भरतात. तुकडे आधी फरशीवर मांडा आणि उभं राहून बघा. मोबाईलवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला तर गडद कुठला आणि फिका कुठला हे झटकन कळतं. डोळा रंगाला भुलतो. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीनं उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे. दोन ओळी जोडताना त्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. हे जोडकाम मशीनवर खुशाल करा. पण थरांवरची शिलाई हातानंच घाला, मशीनचा दाब वरचा थर पुढे ढकलतो आणि हाताच्या टाक्याचा मऊपणा त्यात येत नाही.

कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी लावा. सरळ कडेला दोन इंच रुंदीची सरळ पट्टी पुरते, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी गोलाईलाच लागते. चार बाजूंचे चौऱ्याहत्तर इंच आणि कोपऱ्यांसाठी आठ इंच जास्तीचे, म्हणजे ब्याऐंशी इंच पट्टी हवी. हौस असेल तर कोपऱ्यांना सजवा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापड दुमडून केलेले रंगीत त्रिकोण लावतात. त्यांची शिलाईही कडेकडून आत जाते. त्या कोपऱ्यांनी बसकर काय खुलतं, करून बघाच.

दुपट्याला तीस बाय छत्तीस इंच पुरेत, सुती साडीचे तीन थर. जरीचं कापड नको, टिकल्या नकोत, वर आलेली गाठ नको. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा, सुईही त्याच हिशेबात धरा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत दुपटं कुणाच्या हातात द्यायचं नाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

इथवर आलात की नऊवारी काढा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, त्याचे चार थर केले की लांबी पावणेसात फूट येते आणि रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी, एका माणसाला पुरेल अशी. सहावारीचे सहा फुटांचे तीन थर होतात, मुलांना तेवढे बास. अंथरायला घरातली सर्वांत मोठी मोकळी फरशी शोधा, कच्चे टाके त्याच दिवशी पुरे करा, आणि दोघी मिळून शिवत असाल तर दर दोन ओळींनी जागा बदला, म्हणजे दोघींच्या हाताचा ताण दोन्ही बाजूंना सारखा पडतो.