सेल्फची वायरिंग बदलण्याआधी

गाडी तापलेली असताना किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं, आणि दहा मिनिटांनी तीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. जुन्या मारुती 800 वाल्यांना हे चांगलं माहीत असतं. अगदी शेवटची 800 सुद्धा जानेवारी 2014 मधली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीच्या वायरींनीही दहाहून जास्त पावसाळे काढलेत. तरी लगेच वायरमनकडे जाऊ नका. वायरिंग बदलायची का, हे ठरवायला एक निवांत सकाळ आणि एक डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत; अर्धवट चार्ज बॅटरीवर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इग्निशन कॉइलची बारीक वायर काढलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. किल्ली मारायला घरातल्या कुणाला तरी बोलवा. एका वेळी पाच सेकंदच, मग सेल्फला थोडी विश्रांती.

आधी मीटर थेट बॅटरीवर. सेल्फ फिरताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी किंवा सेल्फ तपासा, वायरिंगचा विषय तूर्त बाजूला. वर राहिला तर एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच) आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. सेल्फ फिरत असतानाच इथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग तसंच, निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू. इथे 0.3 पेक्षा जास्त नको, आणि हे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. माझ्या गाडीत 1.1 आले होते. अर्थिंगची पट्टी, म्हणजे निगेटिव्हला इंजिनशी जोडणारी तारांची पट्टी, वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढला तर लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवी पूड, आणि हात लावताच निम्म्या तारा तुटून आल्या. तोवर मी नवा सेल्फ बसवून मोकळा झालो होतो.

जाड केबल टाकली की काम होतं, असं गॅरेजात सर्रास सांगतात. 100 अँपिअरला 16 चौरस मिलिमीटरची एक मीटर तांब्याची केबल साधारण 0.11 व्होल्ट खाते, 25 ची 0.07. फरक एवढासाच. व्होल्ट खातात ते गंजलेले जोड.

उरली सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचची, बारीक वायर. किल्ली धरलेली असताना तिथला आकडा बॅटरीच्या तेव्हाच्या आकड्यापेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी असेल, तर रिले (किल्लीच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) नक्की बसवा. सोलेनॉइडचा सगळा करंट जुन्या किल्लीच्या स्विचमधून जातो, आणि तापलेल्या सोलेनॉइडला आधीच ताकद कमी पडते. म्हणून कॉइलची वायर परत लावून गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, वायर पुन्हा काढा आणि गरम इंजिनवरही हेच मोजा.

रिले ठरला तर चार पिनांचा, 12 व्होल्ट 40 अँपिअरचा घ्या. पिनांवर नंबर असतात: 30 ला बॅटरीकडून येणारी वायर, बॅटरीजवळच 30 अँपिअरचा फ्यूज घालून, 87 सोलेनॉइडला, 86 ला किल्लीची जुनी वायर, 85 अर्थला. लग नीट क्रिंप केलेले, म्हणजे त्याच्या खास हत्याराने दाबलेले हवेत, साध्या पकडीने दाबलेले नकोत. बॅटरीचा निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी जोडायचा.